बिनआवाजाचा प्रश्न

सुधाकर देवरे प्रसादाच्या शिऱ्यातही आधी खडा शोधायचा. दुधवाल्यानं वरचं माप घातलं तर याच्या मनात येई, आज दूध पातळ दिसतंय. शिरपूरकडचं गाव सोडून तो सिल्वासात आला तेव्हा कुणी त्याला फसवलं नव्हतं, पण फसवणारा कुठेतरी वाटेवर उभा आहे यावर त्याचा पक्का विश्वास होता. डोकमर्डीतल्या खोलीला त्यानं दोन कुलपं लावली होती. त्याची बायको जया म्हणायची, आत आहे काय, दोन पातेली आणि तुमचा संशय.

राखोलीच्या एका दोऱ्याच्या कारखान्यात तो सुपरवायझर होता. नावाला सुपरवायझर, ऑर्डर अजून टेम्पररीचीच होती. ती शेड म्हणजे नुसता कल्लोळ. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू येत नसे, त्यामुळे तिथं कुणी ओरडतच नव्हतं. आवाज न काढता ओठ मोठे हलवायचे, समोरच्यानं ते वाचायचे. मुठीवर तळहात आपटला की मशीन बंद, हवेत बोट फिरवलं की चहा. शेडच्या या टोकाहून त्या टोकाला माणसं घरची भांडणंसुद्धा सांगत. सुधाकर तर घरीही कधी विसरून जयाशी नुसते ओठ हलवायचा आणि तिनं ऐकलं नाही म्हणून रागवायचा. हे सगळं येत नव्हतं ते एकट्या बर्वे साहेबांना. जनरल मॅनेजर प्रकाश बर्वे मूळचे पुण्याचे, काचेच्या केबिनमध्ये बसणारे. शेडमध्ये आलेच तर कानात कापूस घालून, आणि तोही घाईत.

त्र्याण्णवच्या गणपतीत मराठी मंडळाच्या सेक्रेटरी अंजली सामंत यांनी टूम काढली, की या वर्षी ऑर्केस्ट्रा नको, नाशिकला करतात तशी प्रकट मुलाखत करू. पाहुणे बर्वे साहेब. मुलाखत कोण घेणार, तर देवरे. हरवलेल्या चपला आणि लकी ड्रॉचे नंबर माइकवरून तोच पुकारायचा, आवाज खडा होता.

बाईंना वाटलं, माणूस हरखून जाईल. सुधाकरच्या डोक्यात मात्र किडा वळवळायला लागला. मंडळात इंजिनियर आहेत, इंग्रजी शाळेच्या मास्तरीणबाई आहेत, मग मलाच का? एक तर माझी फजिती बघायची असेल, नाही तर माझ्या तोंडून काहीतरी वदवून घ्यायचं असेल.

संशयाला कारणही होतं. दिवाळीनंतर जुनी शेड बंद होणार, अशी कुजबुज महिनाभर चालली होती. कुजबुज म्हणजे अर्थात ओठांची. त्या शेडवर गावाकडच्या कितीतरी घरांची चूल पेटत होती. सुधाकरच्याच गावचा, त्याच्याच शिफ्टचा ऑपरेटर झिपरू संध्याकाळी खोलीवर आला. चहा न घेता उभ्याउभ्याच म्हणाला, "सुधाभाऊ, शेड बंद व्हई का, हाई इचार. बाकी काय बी इचार."

विचारीन की, सुधाकर म्हणाला. झिपरू गेल्यावर त्यानं जयाला विचारलं, याला कुणी पाठवलं असेल? जयानं कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी बर्वे साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली. बालपणाबद्दल विचारा म्हणाले, पुण्याबद्दल विचारा, मला बासरीचा नाद होता त्याबद्दल विचारा. शेडचं नावसुद्धा काढलं नाही. उठताना मात्र सहज म्हणाले, "देवरे, तुमचं कायम करायचं राहिलंय ना अजून?"

एवढंच. पुढं नाही, मागं नाही. सुधाकरनं त्या वाक्याची रात्रंदिवस उलटतपासणी केली. ही लाच होती की धमकी, की नुसतीच विचारपूस? साध्या विचारपुशीवर विश्वास ठेवणं त्याच्या रक्तात नव्हतं. अखेर त्यानं मनाशी ठरवलं की तो एक प्रश्न गाळायचा. झिपरूला मग सांगता येईल, वेळ संपली. ठरवलं खरं, पण त्या दिवसापासून झिपरूच्या नजरेला नजर देणं त्याला जड जायला लागलं.

मुलाखतीच्या संध्याकाळी मंडप भरला. पुढं खुर्च्यांवर साहेबलोक, मागं सतरंज्यांवर शेड. स्टेजवर तीन खुर्च्या होत्या. एका बाजूला साहेब, मध्ये शाल-नारळ सांभाळत अंजलीताई, दुसरीकडे सुधाकर. टेबलावर पाण्याचा एकच ग्लास, तोही त्याच्यापुढं. का? त्याचा घसा सुकलेला लोकांना दिसावा म्हणून? त्यानं ग्लासाला हात लावला नाही.

माइकवाला म्हणाला, "बोलो देवरेभाई, चालू छे." आणि नवल म्हणजे गडी रंगला. बासरीबद्दल विचारताना म्हणाला, साहेब, आमच्या मशीनीपुढं वाजवून दाखवा. सतरंज्या हसल्या, खुर्च्या हसल्या, साहेबही हसले. आयुष्यात पहिल्यांदा सुधाकरला वाटलं की समोरची माणसं आपल्या बाजूची आहेत. तेवढ्यात लाइट गेली.

मंडपामागं जनरेटर धडधडायला लागला. दिवे आले, माइक मात्र अजून मुका होता. साहेब अस्वस्थ दिसले. मागून कुणीतरी 'शेड, शेड' असं काही ओरडल्यासारखं वाटत होतं. त्या धडधडीत सुधाकर आपण स्टेजवर आहोत हेच विसरला. शेडमध्ये असल्यासारखा साहेबांकडे वळला आणि आवाज न काढता, ओठ चांगले मोठे करून बोलला, "काळजी करू नका साहेब. बंदचं मी विचारणार नाही."

साहेबांना ओ की ठो कळलं नाही. कानाला हात लावून ते पुढं झुकले. मग यानं पुन्हा सांगितलं, आणखी सावकाश, सोबतीला मुठीवर तळहात आपटून.

मान वळवली तेव्हा सतरंजीवरचं एकही माणूस हलत नव्हतं. सगळ्यांनी वाचलं होतं. झिपरू त्याच्याकडे बघत होता, आणि त्या बघण्यात राग असता तरी सुधाकरला बरं वाटलं असतं. झिपरूनं हात वर केला आणि मुठीवर तळहात आपटला. शेजारच्यानं आपटला, मग त्याच्या शेजारच्यानं. खुर्च्यांवरच्यांना वाटलं लोक टाळ्या वाजवताहेत, म्हणून त्यांनीही वाजवल्या.

सुधाकरला लाज वाटली. जन्मभर जगात फसवणारा माणूस शोधला, आणि गावानं आज पाहिला तो हा.

माइक चालू झाला. त्यानं चाचरत विचारलं, "साहेब, जुनी शेड बंद होणार, हे खरं का?"

साहेबांनी हसून माइक जवळ घेतला. असं काही ठरलेलं नाही, अफवांवर विश्वास ठेवू नका, म्हणाले. मग माइक सुधाकरकडे परत देऊन, मंडपाकडे पाठ करून ते अंजलीताईंशी बोलले. जनरेटरच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार, अशा बेतानं. ऐकू गेलंही नाही कुणाला. पण सुधाकर अंजलीताईंच्या पलीकडेच होता आणि साहेबांचे ओठ त्याला पुरते दिसत होते. "दिवाळीनंतर बंदच आहे, पण ते इथं कशाला?"

सतरंजीवरून झिपरूनं हनुवटी उडवली. काय म्हणाले?

सुधाकरच्या हातात माइक होता. दुसऱ्या क्षणी त्याला आपलं कायम होणं दिसलं, आणि मग झिपरूचं तोंड दिसलं. त्यानं माइक टेबलावर ठेवला, सतरंज्यांकडे सरळ तोंड केलं आणि एक एक शब्द ओठांवर मांडला. दिवाळीनंतर. बंदच आहे. साहेब म्हणाले.

झिपरूनं मान डोलावली नाही. आताच तर या ओठांनी दगा दिला होता. तो सुधाकरच्या तोंडाकडे बघत राहिला, मग त्यानं आपल्या गळ्याची कातडी चिमटीत धरली. शपथ घे.

भरल्या मंडपात सुधाकरनं आपला गळा चिमटीत धरला आणि झिपरू उठेपर्यंत सोडला नाही. झिपरूमागोमाग सतरंज्या उठायला लागल्या. अंजलीताईंना वाटलं, बोलून बोलून बिचाऱ्याचा घसा धरला. त्यांनी ग्लास पुढं सरकवला, आणि सुधाकर ते पाणी काही न बघता पिऊन गेला.