तात्यांच्या बंदुकीचं कडं

इंदापूरहून फोन आला तेव्हा मी बारामतीच्या दुकानात एका गिऱ्हाईकाशी डिझेल इंजिनावरून भांडत होतो. "तात्या गेले. सकाळी उठलेच नाहीत." मी फोन ठेवला आणि गिऱ्हाईक मागत होतं त्या भावात इंजिन देऊन टाकलं. दुकान बंद केलं, फटफटी काढली, आणि अर्ध्या वाटेवर माझ्या लक्षात आलं की मला रडू येण्याऐवजी रागच येतोय. तात्यांनी मला शब्द दिला होता, आणि तो न पाळताच ते गेले होते...

सर्जेरावतात्या माझ्या नात्यागोत्यातले नव्हते. भीमेवरच्या धरणाच्या फुगवट्याच्या काठाला त्यांची शेती. मी कोऱ्हाळ्याचा. सायकलवर भंगार गोळा करण्यापासून सुरुवात करून मी जुन्या मोटारी आणि इंजिनांच्या धंद्यात आलो. त्यांचं एक बंद पडलेलं इंजिन विकत घ्यायला गेलो, तर ओसरीच्या खुंटीवर बंदूक दिसली. बारा बोरची, पाच बारांची, बेल्जियममध्ये बनलेली. एका निवृत्त अधिकाऱ्याकडून त्यांनी ती रीतसर परवान्यासह घेतली होती. बार उडाला की अख्खी नळी मागं यायची, रिकामं काडतूस बाहेर फेकायची आणि दुसरं आपसूक आत ओढायची. मी यंत्रांवर जगणारा माणूस. इंजिनाचं राहिलं बाजूला, मी बंदुकीचाच भाव विचारला. तात्या म्हणाले, "च्या घे आधी, शेठ." पुढं सगळी वर्षं मी त्यांचा 'शेठ' होतो. त्या शब्दात थोडी माया होती आणि बरीचशी टिंगल.

सुरुवातीला त्यांच्याबरोबर मी तितरांच्या मागं हिंडलोय. ज्वारी काढलेल्या रानात सकाळच्या उन्हात तितर बोलायचा, आणि तात्या पायांतल्या वहाणा काढून धसकटांतून चालायचे. पाच बारांची बंदूक, पण तात्या एकच बार काढायचे. पहिल्या बाराला पक्षी पडला तर आपला, उडाला तर त्याचा. मला हे पटायचं नाही. "तात्या, पाच बारांचे पैसे मोजलेत न्हवं? मग चार फुकट का घालवता?" ते हसून पुढं चालू लागायचे. पुढं शिकारीवरची बंदी गावोगाव नीट पोचली, तशी त्यांनी एका दिवसात शिकार सोडली. परवाना शेताच्या राखणीपुरता राहिला. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की परत आणायची. काडतूस भरणं संपलं, पण तेलपाणी थांबलं नाही. वापरायची नाही ती वस्तू इतकी चालू का ठेवायची, हे मला कधी कळलं नाही.

तिच्या दुरुस्तीत माझा हात होता, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. नळीभोवती एक जाड स्प्रिंग असते आणि तिच्या तोंडाशी एक पितळी कडं. मागं येणाऱ्या नळीला ते कडं घासून आवरतं. शिकारीच्या दिवसांतच तात्यांचं कडं चिरलं होतं. बारामतीतल्या लेथवाल्याशी हुज्जत घालून मीच नवीन कातून आणलं. आधीची दोन नापास झाली, तिसरं बसलं. तात्या वैरण टाकायला गोठ्यात गेले होते तेवढ्यात मी ते चढवलं, आणि इंजिनाच्या सवयीनं त्याला बोटभर ग्रीस चोपडलं. तात्या आले, मोकळ्या रानाकडं तोंड करून उभं राहायला सांगून त्यांनी मला बार काढू दिला. मी थेट उकिरड्यात बसलो. खांदा काळानिळा. तात्यांनी बंदूक उघडली, कड्यावरून बोट फिरवलं, बोट माझ्या नाकासमोर धरलं.

"ब्रेकला वंगण लावतोस व्हय रं, शेठ?"

हे त्यांनी पुढं गावभर सांगितलं. तात्यांच्या मंडळी, काकी, तर मला जेवायला वाढताना विचारायच्या, "बापू, भाकरीला तूप लावू, का ग्रीस?"

दर खंडेनवमीला मी जायचो. पाटावर नांगराचा फाळ, विळे, खुरपी आणि मधोमध बंदूक, तिच्यावर झेंडूचं फूल. मी त्या दिवशी हटकून भाव वाढवायचो, आणि तात्या हटकून म्हणायचे, "पूजेला बसल्याली वस्तू इकू व्हय?" मग दुसऱ्या दिवशी यायचो, तर म्हणायचे, "कालच पूजा झाली न्हवं." एकदा मी चिडून ताटावरून उठलो. तेव्हा त्यांनी हात धरून बसवलं आणि म्हणाले, "माझ्या माघारी तुझीच हाय. आता जेव." हाच तो शब्द.

मात्र पुढची काही वर्षं चमत्कारिकच घडत गेलं. मी जावं आणि बंदूक उघडलेली असावी. गोणपाटावर नळी एकीकडं, स्प्रिंग एकीकडं, आणि कडं गायब. "कुठं पडलं काय की!" याची सुरुवात झाली त्या दिवशी मी थोरल्या भावाशी भांडून आलो होतो. कालव्याच्या पाण्याची पाळी माझी, आणि त्यानं पाटाचं बारं फोडून पाणी स्वतःच्या उसाकडं फिरवलं होतं. भर दुपारी मी तात्यांच्या दारात उभा राहिलो. "तात्या, बंदूक द्या. नुसतं भ्या दाखवायचंय." तात्या शांतपणे म्हणाले, "दिली असती रं. पन कडं सापडंना. हुडकू लाग." मी आणि तात्या उन्हं उतरेपर्यंत भुशात, दावणीत, कोंबड्यांच्या खुराड्यात कडं शोधत होतो. काकी मधूनच येऊन चहा ठेवून जायच्या. शेवटी दमून मी तिथंच ओसरीवर झोपलो. कडं दोन दिवसांनी सापडलं म्हणे. तोवर पाणी आमच्या दोघांच्याही उसाला मिळून गेलं होतं. त्यानंतर मी किती नव्या कड्यांसाठी लेथवर खेटे घातले, ते मलाच ठाऊक; एकही पहिल्यासारखं बसलं नाही.

आणि गेल्या वर्षी कळलं की तात्यांनी बंदूक कायमची ठाण्यात जमा केली. मला न विचारता. मी जाऊन वाटेल ते बोललो. ते पान लावत ऐकत राहिले. तीच शेवटची भेट.

तेराव्याला भाऊ माझ्यासोबत आला होता, माझ्या शेजारीच पंगतीला बसला होता. जेवणं झाल्यावर काकींनी मला आत बोलावलं. हातात तात्यांची पानाची चंची होती. कात, चुना, सुपारी, आणि खालच्या कप्प्यातून त्यांनी काढलं ते कडं.

"हे तुमचं. ह्यांनी ठेवल्यालं."

मी म्हणालो, "म्हंजी हरवलं नव्हतं?"

"कुठलं हरवतंय! भावाशी भांडून आलासा त्या दिशी तुमी गाडी स्टँडला न लावता तशीच ढकलून दिली, तवाच ह्ये आत गेले अन् बंदूक खोलली. म्होरं तुमची फटफटी वढ्यावर वाजली की कडं काढून चंचीत." त्या हसल्या, आणि मग डोळ्यांना पदर लावला. "मी म्हनायची, कशाला त्या मान्साला हेलपाटं? तर म्हनायचे, बापू वाईट न्हाय. पन हातात वस्तू आली की ती चालवून बघितल्याबिगर त्याला ऱ्हावत न्हाय."

बाहेरून भावानं हाक मारली, "बापू, निघायचं का रं?"

मी आजही म्हणतो, तात्यांनी हे मला तोंडावर सांगायला हवं होतं. मी ऐकलं नसतं, वाद घातला असता, ते वेगळं... पण सांगायला हवं होतं. ठाण्यातल्या बंदुकीत कडं नाही, आणि माझ्याकडच्या कड्याला बंदूक नाही. 'माझ्या माघारी तुझीच' म्हणाले होते, दिली अर्धी. अर्ध्या मालावर मी आजवर एकही व्यवहार मान्य केलेला नाही. हा केला.

कडं दुकानात, गल्ल्याशेजारी खिळ्याला अडकवलंय. बाकी सगळं लोखंड दर आठवड्याला पुसून तेलात ठेवतो. त्याला वंगण लावत नाही.