उसना सोफा

निवृत्त झाल्यावर मी घरातल्या प्रत्येकाच्या कामात नाक खुपसायला लागले, तेव्हा आमचे हे म्हणाले, "हे नाक कुठंतरी सत्कारणी लाव." त्याच रागात मी बाल कल्याण समितीच्या कामाला लागले. ज्या मुलांची घरी आबाळ होते त्यांनी कुठं राहायचं, हे ही समिती ठरवते. आम्ही स्वयंसेवकांनी मुलाशी बोलायचं, घर पाहून यायचं आणि बैठकीत मुलाच्या बाजूनं उभं राहायचं. पगार नाही. आमच्या हिंदी बोलणाऱ्या शहरात दीक्षितपुऱ्यापासून पार दुसऱ्या टोकाच्या रांझीपर्यंत बसचे धक्के मात्र भरपूर.

एक मुलगी अजून डोळ्यांपुढे आहे. आठ वर्षांची, दोन वेण्या, फारसं न बोलणारी. आई गेलेली. बाप तिला खोलीत कोंडून दारू प्यायला जाई आणि कधी कधी दुसऱ्या दिवशी उगवे. शेवटी घरमालकानं कुलूप तोडून तिला बाहेर काढलं आणि ती बालगृहात आली. तिला आत्याकडे जायचं होतं. आत्या विधवा, रांझीत एका खोलीत राहायची आणि रिछाईच्या एका कारखान्यात पॅकिंग करायची. समितीच्या अध्यक्षबाईंची शंका रास्त होती. ही दिवसभर ड्युटीवर, मग पोरीला बघणार कोण? उत्तर मिळालं नाही तर मुलीची रवानगी दुसऱ्या शहरातल्या बालगृहात होणार होती. रक्ताचं माणूस इथं असताना पोर परक्या गावी जाणार, या विचारानं माझा जीव कासावीस व्हायचा.

घर बघायला मी येणार, असा निरोप आत्याला गेला होता. आता आपल्याकडे कुणी घर बघायला येणार म्हटलं की त्याचा एकच अर्थ होतो. दारात रांगोळी होती, बशीत कांदेपोहे होते, वर खोबरं आणि कोथिंबीर. आत्या इस्त्रीची साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन उभी होती. क्षणभर मला वाटलं, मी मुलाकडची आहे आणि आता देण्याघेण्याचं बोलावं लागणार.

खोलीत एवढा मोठा सोफा होता की दार पुरतं उघडत नव्हतं. मी आडवी होऊन आत शिरले, आणि माझ्या बांध्याला ते सोपं नाही. समोर टीव्ही होता, त्याची वायर गुंडाळून ठेवलेली. कोपऱ्यात फ्रिज, तोही बंद.

"टीव्ही चालत नाही का?" मी विचारलं.

"नवा आहे जी. लावून देणारा आज येऊन राहिला."

नवा म्हणे, आणि वरच्या क्रोशाच्या रुमालावर हळदीचा जुना डाग.

"पोर आली तर दिवसभर कोणाजवळ राहील?"

"तुम्ही काहून काळजी करता, ताई? मी कोणाच्या दारी नाही जाऊ देणार तिला."

हे तिनं मोठ्या अभिमानानं सांगितलं. मला हवं होतं तेवढं एक उत्तर सोडून बाईंनी बाकी सगळं मांडून ठेवलं होतं. मी दिसलं ते लिहिलं, वायरसकट.

बैठकीत अध्यक्षबाईंनी माझा अहवाल, सोफा-टीव्ही-फ्रिजसकट, मोठ्यानं वाचला आणि मुलीला जवळ घेतलं. "बुआ के घर टीवी देखोगी?"

मुलगी बुचकळ्यात पडली. "बुआ के पास टीवी कहाँ है? टीवी और सोफा तो सामने वाली दादी के हैं. फ्रिज मास्टरजी का है."

आत्यानं पदरात तोंड लपवलं. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. आत्याला खोटारडी ठरवायला एवढं पुरे होतं. मला आत्याचा असा राग आला की पोह्यांची चवसुद्धा आठवेना. पण पोरगी बोलती झाली होती, म्हणून मी तिलाच विचारलं, "सोफा दादींचाच आहे, हे तुला कसं ठाऊक?"

"एक तरफ स्प्रिंग चुभती है. बुआ ड्यूटी पे रहती है ना, तो मैं वहीं सो जाती हूँ. दादी रोटी देती है. मास्टरजी पहाड़े पूछते हैं."

बाप कोंडायला विसरे त्या दिवशी ती पळून आत्याकडे जायची, तेव्हा आत्या परत येईपर्यंत हीच शेजारची घरं तिला जेवू घालून, पाढे म्हणवून सांभाळायची. आणि आत्यानं नेमकं तेच लपवलं होतं, कारण पोर लोकांच्या घरी जेवते हे सांगायची तिला लाज वाटली. अध्यक्षबाई म्हणाल्या, "अगली बार दादी को लाइए. सोफा घर पर रहने दीजिए." खोलीतले सगळे हसले, आत्यासुद्धा रडता रडता हसली.

पुढच्या बैठकीला दादी आल्या, मास्टरजी आले, आणि मुलगी आत्याकडे गेली.

महिनाभरानं मी न कळवता रांझीला गेले. आत्याच्या दाराला कुलूप होतं. आत पोर कोंडलेली तर नाही ना, म्हणून मी दाराला कान लावला. तेवढ्यात समोरच्या घरातून दादींची हाक आली. मुलगी सोफ्यावर मांडीत ताट घेऊन बसली होती. माझ्याशी नेहमी हिंदीत बोलणारी ती पोरगी मराठीत म्हणाली, "आजी, या बाजूला नका बसू, टोचते. इथं मी बसते, मला सवय आहे."

मी चांगल्या बाजूला बसले आणि मला रडू आलं. मग आत्या येईपर्यंत आम्ही तिघी टीव्ही बघत बसलो.