कोहळा फाट्याची चारची गाडी

चंपतराव भोयरांनी एकवीस वर्षं लाल गाडीत कंडक्टरकी केली, आणि त्यातली निम्मीअधिक एकाच रस्त्यावर. श्रावणातल्या रविवारी गाडी कोहळा फाट्याला लागली की ते दारात उभे राहून ओरडायचे, "चला, धबधबेवाले उतरा! परतीची गाडी चारची हाय. चुकली तं वाघासंग मुक्काम!" पोरंपोरी खिदळत उतरायच्या, डबे-छत्र्या सांभाळत जंगलाच्या वाटेला लागायच्या. चंपतराव डबल घंटी मारायचे आणि गाडी पुढे निघायची. फाट्यापासून धबधबा अवघा दोन किलोमीटर. पण विश्वास ठेवा, या माणसानं तो एकदाही पाहिला नाही. गाडी थांबायची दोन मिनिटं. दोन मिनिटांत काय डोंबल पाहणार?

संध्याकाळी ओलेचिंब परतणाऱ्यांच्या गप्पा मात्र कानावर पडायच्या. हिंगणा रोडवरच्या दोन खोल्यांत जेवताना चंपतराव त्याच गप्पा बायकोला अशा रंगवून सांगायचे, जणू स्वतःच त्या पाण्याखाली उभे राहून आले. सुभद्राबाई हातातली पोळी तशीच धरून ऐकायच्या.

"मले कवा नेता जी?"

"नेतो न वं. एवढं जवळ तं हाय."

जवळ होतं म्हणूनच राहिलं. दूरच्या गावांना माणूस ठरवून जातो. घरच्यांचा फुकट प्रवासाचा पास दरवर्षी यायचा आणि दरवर्षी कुणाच्या तरी लग्नात नाहीतर तेरवीत संपायचा. मग पोरगी सासरी गेली, चंपतराव निवृत्त झाले, आणि सुभद्राबाईंची साखर वाढत वाढत डोळ्यांवर गेली. उजवा डोळा मागच्याच वर्षी गेला. यंदा आषाढात डॉक्टरांनी डावा तपासला आणि म्हणाले, पडदा फार नाजूक झालाय, कधी काय होईल सांगता येत नाही.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना सुभद्राबाई मध्येच थांबल्या. चंपतरावांना वाटलं, रडणार. ती म्हणाली, "अजी, तेवढा धबधबा दाखवून द्या." जन्मात या बाईनं नवऱ्याकडे दुसरं काही मागितलं नव्हतं.

त्याच रविवारी निघाले. सकाळचं इंजेक्शन, मग तिचं जेवण, त्यात अकराची गाडी मिळाली. स्टँडवर सुभद्राबाई म्हणाल्या, "चौकशीवर विचारून तं पाहा, येतानीची गाडी कवा हाय."

"मले विचाराले लावतं का वं? या रोडवर जिंदगी गेली मायी!"

गाडीत कंडक्टर एक तरणी बाई होती, मोनाली नावाची. पास बघून ती आदरानं म्हणाली, "काका, कोहळ्याहून येताना ती चारची गाडी..."

"पाठ हाय मले, पोरी," चंपतराव तिचं बोलणं तोडून म्हणाले, आणि शेजारच्या प्रवाशाला कोणत्या थांब्यावर पूर्वी काय होतं ते सांगू लागले. काय तो रुबाब! पोरगी पुढच्या सीटकडे गेली.

फाट्यावर उतरायला सव्वादोन झाले. वाट गोट्यांची, पावसानं निसरडी. सुभद्राबाई नवऱ्याचा दंड धरून आधी पायानं चाचपायच्या, मग पाऊल टाकायच्या. मध्ये दोनदा बसल्या. तरी चेहरा लग्नाला निघाल्यासारखा. हिरवं पान दिसलं की थांबून डाव्या डोळ्याजवळ धरून बघायच्या.

तासाभरानं आवाज आला. आधी वाऱ्यासारखा, मग नीट पाण्याचा. म्हशी घेऊन नत्थू नावाचा गुराखी समोरून येत होता. तो म्हणाला, "हे वळण झालं का समोरच हाय, माय. लय पाणी हाय औंदा."

चंपतरावांनी घड्याळ बघितलं. सव्वातीन. यायला तास लागला, जायलाही तेवढाच. आत्ता वळलो तरी धावपळ. धबधब्यापाशी गेलो तर चारची गाडी गेलीच. आठ वाजता तिचं इंजेक्शन, तेही घरी. जन्मभर दुसऱ्यांना ओरडून सांगितलं, गाडी चुकवू नका. चुकवणाऱ्यांना हसले. आता आपणच?

"सुभद्रे, वापस फिर. पुढच्या रविवारी सकायच्या सातच्या गाडीनं येऊ."

ती आवाजाकडे तोंड करून उभी होती. "पाचच मिनिटं जी."

"पाच मिनिटांनंच तं गाडी चुकते वं!"

ती वाद घालणारी बाई नव्हती. फिरली. चंपतरावांनी तिला जवळपास ओढतच आणलं. फाट्यावर पोचले तेव्हा चारला पाच कमी होती. चंपतरावांनी घाम पुसला आणि छाती काढून म्हणाले, "पाह्यलं? टायमावर."

चार वाजले. सव्वाचार. साडेचार. शेवटी चहाच्या टपरीवाल्यानं विचारलं, "कोणती गाडी पाहून राह्यले, बाबा? चारची? ते आता शाळेच्या पोरींसाठी हाय. दोन सालं झाले. रविवारी नाही येत. तुमाले साडेसहाचीच भेटन."

अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते हेच. दोन तास! वळणापलीकडे जाऊन, पाण्याकाठी बसून, पोटभर बघून आरामात परत आले असते.

"चाल, जाऊ आपण," चंपतराव उठले.

सुभद्राबाईंनी पाय पुढे केले. पावलं सुजून चप्पल रुतली होती. "आता नाही उचलत जी," ती म्हणाली. "राहू द्या. रविवारी येऊ न."

मग दोघं बाकावर बसून राहिले. फाट्यावरून पाण्याचा आवाजसुद्धा येत नव्हता. तिनं डब्यातली पोळी काढून त्यांना दिली. त्यांनी ती हातात तशीच धरून ठेवली.

गुरुवारी सकाळी सुभद्राबाई दारात तांदूळ निवडत होत्या. अंगणात लख्ख ऊन पडलं होतं. तिनं विचारलं, "अजी, इतकं आभाळ काहून आलं?"

ऑपरेशन झालं. उपयोग झाला नाही. चंपतरावांनी डॉक्टरांना एकट्याला गाठून विचारलं, मी तिला त्या दिवशी ओढत पळवलं, त्यानं तर नाही ना झालं? डॉक्टर कागदावर लिहिता लिहिता म्हणाले, तसं काही नसतं. पण चंपतरावांना ते पटलेलं नाही. पटणारही नाही. रात्री ती झोपली की ते तिच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत बसतात आणि स्वतःला शिव्या घालतात.

भादव्यात एकदा ते स्टँडवर गेले. चौकशीच्या खिडकीशी रांगेत उभे राहिले आणि जाण्यायेण्याच्या साऱ्या वेळा कागदावर लिहून आणल्या. घरी येऊन म्हणाले, "चाल वं रविवारी. आता सारं विचारून आलो मी. पाणी अजून हाय म्हणते."

सुभद्राबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. "आवाज तं त्या दिशीच आयकला न जी. मी येऊन आता काय पाहू?" मग त्यांना काहीतरी आठवलं. "पण तुमीबी तं नाही पाह्यला अजून. तुमी पाहून या. मी हाय घरी. आल्यावर सांगजा, पयले सांगत होते तसं."

चंपतराव तो कागद हातात धरून तिच्यासमोर ढसाढसा रडले. पण ते गेले नाहीत.