टाकीवरचा पडदा

भवानी पेठेत माझं शिलाईचं दुकान होतं. खिडकीशी माशांची काचेची टाकी, आत हिरवी रोपं. ऊन लागलं की काचेवर शेवाळ माजायचं, म्हणून मी पडदा ओढून ठेवायचो. पण मिलची रातपाळी सुटली की एक कामगार फुकटचा पेपर वाचायला यायचा आणि आधी पडदा सरकवायचा! केसांत कापूस, हात मागं बांधलेले, माशांकडं बघत उभा. शेवाळ खरवडून माझी बोटं सोलायची.

एकदा भडकलोच. "अहो, किती वेळा सांगायचं? ऊन नको त्यांना!"

तो ओशाळला. "मी दिवसभर झोपतो की, मालक. माज्या वाटचं ऊन यांना तरी मिळू दे म्हटलं."

पडदा मी काढूनच टाकला. शेवाळ खरवडताना त्याला शिव्या घालणं मात्र सोडलं नाही.