विहिरीवरची सभा

आमच्या सरपंच वहिनी ग्रामसभा विहिरीवर भरवायच्या. पंचायतीत खुर्च्या होत्या, पंखा होता. पण ही बाई पदर खोचून कपडे धुवायच्या दगडावर बसायची आणि मी, पंचायतीचा शिपाई, ठरावाचं बुक काखेत मारून मागोमाग पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरायचो. मी चौथी शिकलेला, पण कामात कुणाचा शब्द ऐकून घेतला नाही. एकदा सुनावलंच, "वहिनी, हे पदाला शोभत नाही."

"शोभंना तर शोभंना, भावजी. आत आल्या की बायकांचा पदर तोंडाशी. हतं बगा, माझीच सालटी काढत्यात."

खरंच काढायच्या. एकीनं विचारलं, "सरपंच झालीस, आता कळशी नवरा आणतो काय गो?"

"आणतो की. निम्मी सांडतो."

सगळ्या खिदळायच्या, आणि त्या खिदळण्यातच कुणाचं काय अडलंय ते बाहेर यायचं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. विहिरीच्या वरच्या सड्यावर, त्या उघड्या कातळावर, जांभ्या दगडाची चिरेखाण काढायला एकानं परवानगी मागितली. सभेला तालुक्याचे साहेब येणार होते. त्यांच्यापुढे गावाचं हसं नको, म्हणून मी हट्टाला पेटलो. "या खेपेला सभा आत. चांगली साडी नेसा. गुरुजींनी भाषण लिहून दिलंय, तेवढंच वाचा."

त्यांनी कागद उलटसुलट केला. "ह्यात मी कुठं हाय, भावजी?"

अजून एकटा बसलो की हे ऐकू येतं.

त्यांनी वाचलं, ओळीवर बोट ठेवून. बायका दाराबाहेरच उभ्या राहिल्या. "कुणाची हरकत?" साहेबांनी दोनदा विचारलं. एकही बोलली नाही. बुक मीच पुढे सरकवलं. वहिनींनी दाराकडे पाहिलं आणि सही केली.

खाण खोल गेली, तशी तिसऱ्या उन्हाळ्यात विहीर आटली. बायका वहिनींच्या अंगणात येऊन नाही नाही ते बोलल्या. मी अंगणाच्या दगडी गडग्यापाशी उभा होतो. वहिनींनी माझं नाव घेतलं नाही. "सही माझी हाय," एवढंच म्हणाल्या. मीही तोंड उघडलं नाही.

शेवटच्या दिवसांत त्या लेकीकडे अलोऱ्याला होत्या. मी माफी मागायची म्हणून गेलो. लेकीलाही ओळखत नव्हत्या, मला ओळखलं.

"भावजी, बायका आल्या?"

"आल्या," मी खोटं बोललो.

"मग साहेबाला म्हनावं थांब. आदी त्यांचं ऐकू."

आणि त्या दाराकडे कान लावून बसल्या. मी तिन्हीसांजेपर्यंत होतो. बाहेरून कुणी काही बोललं नाही.