साडूभाऊंची सुरी

जगातलं सगळं स्टील सुरीला चालणारं आणि न चालणारं एवढ्या दोनच जातींचं आहे, असं मानणारा माणूस अख्ख्या पिंपरी-चिंचवडात एकच, आणि तो नेमका माझा थोरला साडू. चाकणच्या एका कंपनीत त्यांची हयात स्टील तापवून कडक करण्यात गेली. रिटायर झाल्यावर खिशात पेनाच्या जागी लोहचुंबक आलं. कोणाकडेही जावं, पाणी पिण्याआधी हे स्वयंपाकघरात. पातेल्याला चुंबक चिकटलं की बायका दुकानदाराला शिव्या घालतात, ह्यांचं उलट. सुरीला चिकटलं नाही की ह्यांचा चेहरा सुतकी होतो. "पातेल्याचं स्टील हाय हे. धार धरायचं न्हाई." वाकडला माझ्या व्याह्यांच्या वास्तुशांतीला त्यांनी मॉलमधल्या सहाच्या सेटमधल्या चार सुऱ्या नापास केल्या. मी खाली मान घालून जेवलो.

ह्या वेडाचं कारण आक्का, म्हणजे त्यांची बायको, माझी थोरली मेहुणी. संधिवाताने त्यांची बोटं वाकत चालली होती. सुरी दाबवत नव्हती, आणि दुसऱ्याने चिरलेली भाजी तर पसंतच पडत नव्हती. "दाबायलाच लागू ने अशी सुरी करतो," म्हणून साडूभाऊ जे बसले ते दोन वर्षं नुसतं स्टील निवडत बसले. हे गंजतं, ते मऊ पडतं. शेवटी सगळ्यांत कडक स्टीलचं पातं घडवलं. आक्कांनी पहिल्याच दिवशी त्याच्या टोकाने करवंटीतलं खोबरं उचकटलं. टोक मोडून करवंटीतच राहिलं.

आता घरात रामायण होणार, असं मला वाटलं. साडूभाऊ मोडकं पातं उलटसुलट बघत म्हणाले, "चूक माझी. स्टील बघितलं, वापरणारी न्हाई बघितली." दुसरी सुरी त्यांनी जरा मऊ स्टीलची केली. वाकेल पण मोडणार नाही, लिंबा-चिंचेला डाग धरणार नाही. फक्त धार आठवड्यात उतरते.

"मग उतरल्यावर?" मी विचारलं.

"मग काय राव, मी हाय की."

तेव्हापासून दर रविवारी सकाळी ते धार लावतात. आता आक्कांच्या हातात सुरी फार वेळ ठरत नाही. भाजी साडूभाऊच चिरतात आणि इतकी ओबडधोबड चिरतात की बघवत नाही. तरी मला ह्या माणसाचा हेवा वाटतो. धार लावून झाली की सुरी आधी आक्कांपुढे जाते. त्या वाकड्या बोटांनी, न दाबता, टोमॅटोची एकच चकती कापतात आणि म्हणतात, "लागली." मगच त्या घरातला गॅस पेटतो.