शामकलाबाईंची लाइन

चोरखमाऱ्याच्या शामकलाबाईंना कोणी 'नेटवाली' म्हटलं की त्या खूश होतात. का होऊ नये? एकशे बारा घरांत इंटरनेट त्यांनी स्वतः तार ओढून पोचवलंय. वडील उदाराम तलावाच्या पाटाचे पाटकरी. कोणाच्या बांधीत पाणी किती वेळ सोडायचं ते ठरवायचे, पण बांधीत काय पेरलंय हे त्यांनी कधी विचारलं नाही. बाईंचा कारभारही तसाच. सांजेला सारं गाव सिनेमे लावून बसलं आणि लाइन दाटली, की सगळ्यांचा वेग सारखाच उतरतो. सरपंच असो नाहीतर सालदार!

गोंदियाहून येणारा सिग्नल पकडायची डिश होती योगराजच्या राइस मिलवर. धान निघालं तसा योगराज बाईंच्या ऑफिसात आला.

"शामकलाबाई, कोन कोन कास्तकार फोनवर दुसऱ्या मिलचे भाव पाहून राहिले, तेवढं सांगा. आन् ते भावाचं ॲप जरा धीमं करा ना."

"जमत नाही, भाऊ."

"काऊन? तुमच्या मशीनमंदी दिसत नाही का?"

"कोन कोनत्या साइटवर जाते ते दिसते. म्हनूनच सांगत नाही."

"मंग उचला आपली डिश माझ्या मिलवरून!"

बाईंनी मनात हिशेब मांडला. डिश गेली तर एकशे बारा घरं बंद, आणि बाईंची चूलही. पण 'सांगते' हा शब्द काही तोंडातून निघाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी पाना घेतला आणि डिश उतरवली.

गावात बोंबाबोंब झाली. कारण कळलं तसा जागेश्वर कास्तकार पुढे आला. "माझ्या दोन मजली घरावर लावा, बाई." दुपारपर्यंत लाइन सुरू! योगराजच्या घरचीसुद्धा, त्याच वेगानं.

संध्याकाळी जागेश्वरनं बाईंना चहा पाजला आणि हळूच खुर्ची जवळ ओढली.

"बाई, योगराज कोनत्या व्यापाऱ्याच्या साइटवर जाते, पाहा ना जरा. आता तं डिश आपल्याच घरावर हाय."

शामकलाबाई पाना घेऊन जिन्याकडे निघाल्या.

"अवो, कोठं चालल्या?"

"डिश काढाले. आज त्याचं सांगितलं तं उद्या तुमचंबी सांगन मी. चालते?"

जागेश्वरला आपल्या फोनवरचं काय काय आठवलं कोण जाणे, कानापर्यंत लाल झाला. धावत जाऊन जिन्यात आडवा उभा राहिला.

"राहू द्या, बाई! मी इचारलंच नाही असं समजा."